कालचक्रातले खरे गूढ

महोदय,

कालचक्रावरील मालिका उगाच क्लिष्ट असतात, हे आपल्या पुरवणीतील मत ‘डार्क’ या जर्मन मालिकेपुरते (२०१७ ते २०२०) तरी पटले नाही. विंडन गावातला मिकेल २०१९ मध्ये हरवून १९८६ मध्ये पोहोचतो, तिथेच लहानाचा मोठा होतो आणि ज्या योनासच्या सोबतीने तो त्या रात्री रानातून पळत होता, त्याचाच बाप ठरतो. साहजिकच मिकेलला परत आणायचे, तर योनासला स्वतःचा जन्मच पुसावा लागेल. रहस्य उलगडते तिथेच हा पेच सुरू होतो. मुलाच्या शोधात निघालेला मिकेलचा बाप उलरिख १९५३ मध्ये, पुढे मुले पळवणाऱ्या हेल्गेवर तो लहानगा असतानाच दगड उगारतो आणि जे टाळायला गेला, त्याच साखळीचा भाग होतो. तिसऱ्या पर्वात दुसरे जग अवतरल्यावर मात्र गुंता अंमळ हाताबाहेर जातो, हे मान्य.

अशा मालिकांच्या परीक्षणासोबत पात्रांची वंशावळ छापावी, ही विनंती. आमच्याकडे ती जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मांडावी लागली. ‘डार्क’मधल्या शार्लोट आणि एलिझाबेथ एकमेकींच्या आई निघाल्याने तिला मूळपुरुषच सापडेना.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर