सूचना : लूव्र संग्रहालय पाहण्याबाबत

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून फ्रान्समध्ये शिकायला गेलेल्या सभासदांना कळविण्यात येते की, पॅरिसचे लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते (आपले अजिंठा सोमवारी) आणि प्रवेशाची वेळ ऑनलाइन आधीच राखून ठेवावी. तेथे अधिकृत वास्तव्य असलेल्या २६ वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश मोफत आहे. मात्र वास्तव्याचा पुरावा व ओळखपत्र सोबत हवे. ‘मोनालिसा’चे चित्र जेमतेम ७७ बाय ५३ सेंटिमीटरचे असून पुढे उंचावलेल्या मोबाइलांच्या गर्दीत ते धड दिसत नाही, म्हणून तेवढ्यावरच न परतता, समोरच्या भिंतीवरील इटालियन चित्रकार वेरोनेझेचे जवळपास १० मीटर रुंद लग्नपंगतीचे चित्र, विशेषतः मधोमध बसलेले वादक, अवश्य निवांतपणे पाहावेत.