बापूकाका झालो रे

सुन्या,

सहा महिने फोन नाही की मेसेज नाही, शिव्या घालून झाल्या असतील तर पुढचं वाच. तब्येत बरी, साखर किंचित वर, बाकी ठीक.

तुझ्या लग्नात बापूकाकांना पंगतीतून उठवायला चौघं लागले होते आणि आपण मांडवाच्या खांबामागे पोट धरून हसत होतो, आठवतंय? परवा मेव्हण्याच्या पोराच्या मुंजीत मी हौसेने मांडी घालून बसलो, जिलबी झाली, ताक झालं, उठायला गेलो आणि कमरेत जे अडकलं ते अडकलंच. वाढपी पोरांनी काखेत हात घालून उभा केला, पत्रावळ गुडघ्याला चिकटलेली. समोर दोन कार्टी हसत होती, अगदी आपल्यासारखीच.

वजन १०४, उंची पाच फूट सहा, म्हणजे बीएमआय ३७ला टेकलाय, आणि आपल्या लोकांत २५च्या वर गेला की लठ्ठच धरतात. एमआरआयमध्ये कमरेच्या मणक्यांमधली, एल-फोर एल-फाइव्हची गादी सरकलीय. हाडाचे डॉक्टर म्हणतात आधी वजन उतरवा, डाएटवाली म्हणते रोज ४५ मिनिटं चाला, आणि मी पोवई नाक्यापर्यंत गेलो की डाव्या पायात करंट. मग घरी येऊन आडवा, आडवं झालं की खा, खाल्लं की वजन. आठ दिवस मनानेच बेडरेस्ट घेतली तर आणखीच वाट लागली.

शेवटी एक फिजिओ भेटली, तिने दोन्ही फायली एकत्र उघडल्या. म्हणाली काका (काका!!), पोट पुढे ओढतं म्हणून कंबर आत वाकते, आणि चरबी नुसतं ओझं नसते, अंगात सूजही वाढवते. ४० किलोचं डोक्यातून काढा, आधी १० उतरवा. चालायचं पाच-पाच मिनिटं, पण दिवसातून सहा वेळा. उताणं झोपून कंबर उचलायची. आणि तलावात छातीभर पाण्यात चालायचं, तिथे अंगाचा भार निम्म्याहून कमी होतो. त्या चड्डीत मी कसा दिसतो ते डोळ्यासमोर आणू नकोस. वजन उतरवायच्या त्या आठवड्याच्या इंजेक्शनचं विचारलं, तर ते फिजिशियन ठरवतील म्हणाली, पण नुसतं इंजेक्शन घेऊन बसलात तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि कंबर सावरतात ते स्नायूच.

हे सगळं पटतंय रे. गोम वेगळीच आहे. सकाळी पाचचा गजर होतो आणि कंबर खरंच दुखतेय की मी कारण शोधतोय हे माझं मलाच कळत नाही. स्मिताला सांगितलं तर ती म्हणते दुखतंय तर नका जाऊ, ती बिचारी खरं मानते. पीटीच्या तासाला माझं पोट दुखायचं ते सोंग फक्त तू ओळखायचास, सरांना सांगितलंस म्हणून महिनाभर बोललो नव्हतो तुझ्याशी (चूक तुझीच होती, अजूनही म्हणतो). आता तसं ओळखणारं इथे कोणी नाही. तर पाचला एक मिस्ड कॉल देत जा, बास.

नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला का? चिरंजीवांची बारावी ना यंदा? वहिनींना नमस्कार. दिवाळीला आलास की अजिंक्यताऱ्याच्या पहिल्या वळणापर्यंत जाऊ, त्यापुढचं आत्ताच कबूल करत नाही.

तुझा,
जाड्या

ता. क. बापूकाकांचा नंबर असेल तर पाठव. त्या दिवशी त्यांना किती दुखत होतं ते आपण विचारलंच नाही.