कागदाला सोनं लागतच नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला शाईपेनांवरचा लेख आवडीने वाचला. पण त्यातलं ‘निब सोन्याची असली की पेन मुलायम चालणारच’ हे वाक्य खटकलं. दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ तेच कात्रण घेऊन दुकानात आले आणि नववीतल्या मुलीसाठी सोन्याच्या निबचं पेन मागू लागले. असं पेन सहज दहा हजारांच्या पुढे जातं. त्यांना जे सांगितलं ते आपल्या बाकीच्या वाचकांनाही कळावं, म्हणून हे पत्र.

माझं मिरजेत वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. माझे सासरे गल्ल्याशेजारी बसून पेनं दुरुस्त करत. त्यांचं भिंग, पितळी पत्र्याचे पातळ तुकडे आणि बारीक पॉलिश पेपर आता माझ्या ताब्यात आहेत.

निब सोन्याची असो वा स्टीलची, लिहिताना कागदाला त्यातलं काहीच लागत नाही. टोकाला एक बारीक दाणा जोडलेला असतो, तो कागदावर फिरतो. हा दाणा फार कठीण मिश्रधातूचा. पूर्वी त्यात ऑस्मियम-इरिडियम असे, म्हणून अजून ‘इरिडियम पॉइंट’ म्हणायची पद्धत आहे. आजच्या बऱ्याच निबमध्ये इरिडियम फक्त नावातच उरलंय. निबवर ५८५ कोरलं असेल तर ती १४ कॅरेटची आणि ७५० असेल तर १८ कॅरेटची. या आकड्यांवरून निबची किंमत कळते, चाल कळत नाही. सोन्याचे फायदे आहेत, नाही असं नाही. शाईतल्या आम्लाने ते खराब होत नाही, आणि निब पातळ घडवली असेल तर थोडी लवते. जाड घडवली की सोन्याचीही ताठच.

मग खरखर येते कुठून? बहुतेक वेळा दाण्याच्या दोन अर्ध्यांमधून. निबच्या मधली चीर हा दाणा दुभागते आणि चिरेच्या दोन बाजूंची दोन्ही पाती टोकाशी एका पातळीत असावी लागतात. पेन एकदा निबवर पडलं की एक पातं केसभर खाली जातं. शिरोरेषा ओढताना घासतं पण उभी रेघ सुरेख येते, अशी तक्रार आली की भिंग लावायच्या आधीच मी डाव्या पात्यावर संशय घेते. ते खाली आलेलं असतं आणि उजवीकडे जाताना त्याची आतली कड कागदात रुतते. नखाने हलकंच वर उचललं की बऱ्याचदा काम होतं. पॉलिश पेपर हातात घ्यावाच लागत नाही.

दुसरी गल्लत मुलायमपणा आणि शाईचा ओघ यांची. लेखात दोन्ही एकच धरलेत. हाताला फरक कळत नाही हे खरं, कारण शाई कमी उतरली की उत्तम घोटलेली निबही कोरडी घासते. अशा वेळी टोक भिंगाखाली निर्दोष दिसतं. दुखणं असतं चिरेत, नाहीतर निबखालच्या काळ्या जिभेत. या जिभेत बारीक खाचा असतात. शाई खाली उतरते आणि तिच्या जागी हवा वर टाकीत जाते. ही देवाणघेवाण काबूत ठेवणाऱ्या रचनेचं पेटंट न्यूयॉर्कच्या वॉटरमनने १८८४ साली घेतलं. आजच्या स्वस्तातल्या पेनातही तत्त्व तेच आहे.

मुलांना वाटतं, निब दाबून चीर फाकवली की शाई भरपूर येईल. जराशी फाकली तर येतेही. पण चीर टोकाकडे निमुळती होत जायला हवी, कारण शाई ओढली जाते ती अरुंद फटीमुळेच. टोकाशीच फट मोठी झाली की शाई मागे थांबते, आणि मग ‘काकू, पेन उठत नाही’ म्हणून माझ्याकडे येतात. ड्रॉपरने भरायच्या पेनांची गंमत निराळी. शाई तळाला गेली की टाकीत हवा जास्त. हाताच्या उबेने ती फुगते, शाई बाहेर ढकलते, आणि पेन ओकतं. तिथे निब बदलून काय होणार? टाकी भरायची.

आता मुलायमपणाच्या वेडाबद्दल. आमच्या गावात सतारी-तंबोरे बनतात. घोडीची, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीची, जवारी काढणारा कारागीर घासता घासता नेमकं कुठे थांबायचं ते जाणतो. दोन हात जास्त पडले की स्वर गेला. निबचंही तसंच. टोक फार घोटलं की चिरेच्या आतल्या कडाही गोल होतात. शाई त्या खळग्यात किंचित वर अडकते आणि कागदाला टेकतच नाही. पेन हाताला मऊसूत वाटतं, पण पहिला फटकारा कोरा जातो. इंग्रजी जोडून लिहिणाऱ्याला याचा जाच कमी, कारण त्याचं पेन शब्दभर कागदावरच असतं. आपण अक्षरागणिक पेन उचलतो आणि वर शिरोरेषेसाठी पुन्हा टेकवतो. त्यामुळे मराठी लिहिणाऱ्याला थोडी ‘बोलणारी’, म्हणजे किंचित खरखरणारी, निब चालेल, पण सुरुवातीला अडणारी चालायची नाही. हे माझं मत. अनेक पेनप्रेमींना ते पटत नाही, आणि ते दुकानातच वाद घालतात.

पेन घेताना सही करून पारखू नका. सही इतकी सवयीची असते की ती कुठल्याही पेनाने बरी येते. ‘राष्ट्र’ लिहा, ‘ज्ञानेश्वर’ लिहा, ‘ळ’ काढा. ‘ष्ट्र’ चिखलासारखा भरून गेला तर ती निब तुमच्या अक्षराला जाड आहे. जपानी ‘फाइन’ म्हणजे बारीक टोकाची निब सहसा युरोपी ‘फाइन’पेक्षा बारीक असते, म्हणून नुसतं पाकिटावरचं अक्षर बघून मागवू नका. आणि आपली रोजची वही सोबत आणा. दुकानातल्या गुळगुळीत पॅडवर कुठलीही निब सुंदर चालते. शाळेच्या वहीत तीच शाई फुटते, मागच्या पानावर उमटते, आणि दोष जातो निबला. खरं तर आपल्या पुरवणीने एकदा वह्यांच्या कागदावरही लिहावं. पेनांचं कौतुक भरपूर झालं.

शाईपेनात ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी शाई कधीही घालू नये. तिच्यात लाखेसारखा चिकट पदार्थ असतो, तो जिभेच्या खाचांत वाळतो आणि मग पेन वाचवणं कठीण होतं. नवं पेन मात्र भरण्याआधी साध्या पाण्याने धुवावं. कारखान्यातलं तेल निबवर राहिलं असेल तर शाई तुटत तुटत येते. निम्म्या ‘बिघडलेल्या’ नव्या पेनांना माझं औषध एवढंच असतं, त्याचे पैसेही मी घेत नाही.

आपली,
एक पेनदुरुस्ती करणारी वाचक, मिरज

ता. क. : डावखुऱ्या मुलांचा लेखात उल्लेखच नाही. ती निब ओढत नाहीत, पुढे ढकलतात, त्यामुळे अणकुचीदार बारीक निब कागदात रुतते आणि ओल्या शाईवरून हात फिरतो. त्यांना गोल टोकाची मध्यम निब आणि लवकर वाळणारी शाई द्यावी. शिक्षकांनी ‘उजव्या हाताने लिही’ म्हणू नये.