पट्टी आधी नको, गोळी आधी हवी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी मे महिन्यात शहरातल्या एका खासगी रुग्णालयाने माझ्या थोरल्या भावाच्या छातीवर फेंटानिल या अफूच्या जातीच्या तीव्र वेदनाशामकाची 25 मायक्रोग्रॅमची पट्टी चिकटवून त्याला घरी पाठवले. तोंडाचा कर्करोग हाडापर्यंत गेला होता (तंबाखू-सुपारीचा खर्रा चाळीस वर्षांचा), त्यामुळे तीव्र औषध देण्यात चूक नव्हती. चूक निवडीत होती. त्याने तोवर पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅक या साध्या वेदनाशामकांपलीकडे काही घेतलेले नव्हते, आणि तासाला 25 मायक्रोग्रॅम औषध सोडणारी ही पट्टी दिवसाला सुमारे 60 मिलिग्रॅम मॉर्फिन (अफूपासून मिळणारे वेदनाशामक) तोंडाने घेण्याच्या तोडीची असते. दर चार तासांनी गोळी कोण देत बसणार, हा विचार आम्हालाही सोयीचा वाटला. तीस वर्षे औषधनिर्माण अधिकारी म्हणून नोकरी केलेला मीही गप्प बसलो, हे लिहिलेच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली, कुलर बंद पडला आणि टिनाखाली त्याचे अंग तापले. अशा पट्टीचा पूर्ण असर यायला 12 ते 24 तास लागतात आणि कातडी तापली की औषध अधिक वेगाने रक्तात उतरते. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी जुळून आल्या. हाका मारूनही तो डोळे उघडेना, श्वास अगदी मंदावला. पट्टी काढून रुग्णालयात नेल्यावर नॅलोक्झोन या उताऱ्याच्या औषधाने तो शुद्धीवर आला, पण कातडीत साठलेले औषध नंतरही उतरत राहते, म्हणून नॅलोक्झोन रात्रभर पुन्हा पुन्हा द्यावे लागले.

गावाने याचा अर्थ ‘अफू चढली’ असा काढला आणि घरचे मॉर्फिनचे नावही घेऊ देईनात. वास्तविक मॉर्फिनची साधी गोळी येथे अधिक सुरक्षित ठरली असती, कारण तिचा असर चार-सहा तासांत ओसरतो आणि गुंगी वाढलीच तर डॉक्टरांना पुढची मात्रा रोखता येते. वृद्ध, अशक्त रुग्णाला डॉक्टर सहसा दर चार तासांनी 2.5 ते 5 मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात, मध्येच कळ उठल्यास दिवसाच्या एकूण मात्रेचा सहावा भाग जादा देतात आणि त्या जादा गोळ्यांच्या हिशेबावरून मूळ मात्रा वाढवतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॉर्फिनचे अंश शरीरात साचतात, म्हणून तेथे निवडच वेगळी करावी लागते. मळमळ काही दिवसांत थांबते, बद्धकोष्ठता थांबत नाही. त्यामुळे पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून हवे. झोपेची गोळी आणि दारू यांची सोबत तर जिवावर बेतते. मात्रा स्थिरावल्यावर, किंवा गिळता येईनासे झाल्यावर, पट्टीचा विचार करावा.

1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात 2014 साली दुरुस्ती होऊन मॉर्फिन, फेंटानिल आदी सहा औषधांसाठीची परवान्यांची साखळी संपली; आता राज्याच्या औषध नियंत्रकांकडून संस्थेला मान्यता मिळाली की पुरते. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांनी ही मान्यता घेऊन गोळ्या ठेवाव्यात, एवढीच आरोग्य विभागाकडे मागणी आहे. आम्हाला त्या आणण्यासाठी दर पंधरा दिवसांनी नागपूर गाठावे लागे. पुढे त्याच गोळ्यांवर, रात्री दहाला दुप्पट मात्रा घेऊन, भाऊ सकाळपर्यंत झोपू लागला.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी,
जि. यवतमाळ