गाळ्याचं पुढच्या वर्षी बघू

ती. आई आणि आप्पा यांना
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला जमलं नाही. गाळ्याचा विषय निघाला की आप्पांचा आवाज असा खुलतो की माझी जीभच उचलत नाही. म्हणून लिहितेय. माझ्या दातांच्या दवाखान्यासाठी बघितलेल्या निपाणीच्या गाळ्याचा ॲडव्हान्स आत्ता देऊ नका. मालकांना मी कालच फोन करून तसं सांगितलंय. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, चुकलंच माझं. पण विचारलं असतं तर तुमचं मन मोडवलं नसतं आणि मी हो म्हणून बसले असते.

कारण माझी मान. घाबरू नका. एक्स-रे काढला, हाडाला काही झालेलं नाही. नस दबलेली नाही, हेही डॉक्टरांनी तपासून सांगितलं. मान आणि खांदा आखडलाय, उजव्या अंगठ्याच्या बुडाशी दुखतंय, एवढंच. इंटर्नशिप संपली की सहा महिने फिजिओथेरपी आणि दिवसाला मोजके पेशंट. तेही एका मॅडमच्या हाताखाली, बसायची पद्धत नव्यानं शिकत. मग दवाखाना. दवाखाना काढणारच आहे आप्पा, फक्त उशिरा.

स्टुलावर बसून मान कशी जाते, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. तुम्ही उसाला पाणी पाजायला रात्री उठता, आणि मी पंख्याखाली बसून मान दुखते म्हणायचं, लाज वाटायची. म्हणून दोन वर्षं बोलले नाही. पण तोंड केवढंसं, त्यात वरची शेवटची दाढ. ती आरशात बघून करायची असते. आरशात सगळं उलटं दिसतं, हाताला सवय लागायला वेळ लागतो, आणि तोवर आम्ही सगळे वाकून, मान वळवून बघतो. डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. सरळ असलं तर मणक्यांवर तोललं जातं, पुढं झुकलं की मागचे स्नायू ते धरून ठेवतात. रूट कॅनॉलला तासभर तसंच. हात हलतही नाही, नुसता उचलून धरलेला, आणि चिमटीत दात आतून घासायची केसाएवढी बारीक फाईल. मदतीला कुणी नाही, ठरलेल्या केसेस पुऱ्या करायच्या, आणि माझ्या वाट्याला आलेलं स्टूल हळूहळू खाली बसायचं. पेशंटला कन्नडमध्ये 'बायि तेगीरी', तोंड उघडा, म्हणत मीही खाली खाली जायची. शेजारच्या खोलीतली नर्सिंगची पोरगी तर पेशंट उचलून उचलून कमरेनं आडवी झालीय.

गेल्या महिन्यात आम्हाला एक फॉर्म भरायला दिला होता. माणसाचं पाठमोरं चित्र, त्याचे नऊ भाग केलेले: मान, खांदे, कोपर, मनगट, पाठ, कंबर, मांड्या, गुडघे, घोटे. वर्षभरात कुठं दुखलं, सात दिवसांत कुठं दुखलं, तिथं खूण करायची. मी मान, खांदा, मनगट, पाठ अशा चार खुणा केल्या आणि पेन थांबलं. आई, ते चित्र तुझंच दिसायला लागलं.

मांडीवर सूप, मान खाली, तेंदूचं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. हजार विड्या होईपर्यंत तू मान वर करायची नाहीस. संध्याकाळी पालथी पडून म्हणायचीस, 'ये गं, चल माझ्या पाठीवर.' मी भिंतीला हात धरून चालायची. तुझ्या पदराला तंबाखूचा वास, आणि माझ्या पायाखाली तुझ्या पाठीतल्या गाठी. मला तो खेळ वाटायचा. त्या विड्यांवर माझी फी गेली आणि तीच वाकलेली मान मी इथं घेऊन बसले. म्हणून ही आत्ताच सरळ करून घेतेय. पस्तिशीत हात थरथरायला लागला तर गाळा असून काय करू?

माझी काळजी करू नका. खानावळीतल्या मावशी ज्वारीची गरम भाकरी देतात, वर तूपही घालतात. उशी पातळ घेतलीय. शेकायची पिशवी आहे. भिंतीला पाठ लावून हनुवटी मागं ओढायचा व्यायाम सकाळ-संध्याकाळ करते.

आता ऐका. आप्पा, सलूनमध्ये मान कडाकडा मोडून घेणं बंद. गंमत नाही ती, मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. युरियाचं पोतं एकट्यानं उचलायचं नाही. बीपीची गोळी चुकवायची नाही. आई, तू अर्ध्या तासाला सूप खाली ठेवून अंगणात एक फेरी मारायचीस. पानं कापताना भिंतीला टेकून बस. हाताला मुंग्या येतात हे मला काकूंकडून कळलं, तुझ्याकडून नाही.

मंगळवारी सकाळच्या गाडीनं दोघं या. तवंदी घाटात आईला त्रास होतो, खिडकीची जागा धरा. मी स्टँडवर असेन. फिजिओथेरपीच्या मॅडमना आईचं सांगून ठेवलंय.

सोबत तसलाच एक कोरा फॉर्म पाठवतेय, आई. जिथं जिथं दुखतं तिथं तुझ्या हातानं फुली मार. आप्पा बघतील म्हणून एकही कमी करू नकोस.

तुमची,
लेक