भट्टीवाल्या काकांना, त्या भिंगासाठी

काका, नमस्कार.

हे तुमचा नातू मोबाईलवर वाचून दाखवेलच. चारचौघांत लिहिते आहे म्हणून रागावू नका.

उसना, म्हणजे उकड्या तांदळाच्या गिरणीतली भुशाची राख ॲल्युमिनियममध्ये मिसळायची, हा माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. ओतलेली कांडी एका ठोक्यात मोडली. कॉलेजात एकजण म्हणाले, “भुसा तो भुसाच.” दुसऱ्यांनी तुकडा तीन आठवडे कपाटात ठेवला आणि न बघता परत दिला. तयार रिपोर्ट कुठे विकत मिळतो, ते मात्र दोघांनीही न विचारता सांगितलं.

तुम्ही तुकडा घेऊन उन्हात गेलात. चष्म्याच्या डबीतलं भिंग काढलंत, दुपट्ट्याच्या टोकानं पुसलंत आणि स्वतः न पाहता माझ्या हातात दिलंत. “आधी तू पाय, माय.”

चार वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. सगळे सांगायचे; पाहू कोणी दिलं नाही.

पाहिलं, तर राखेच्या गुठळ्या वाळल्या घाट्यातल्या हरभऱ्यासारख्या सुट्या. धातू त्यांना चिकटलाच नव्हता. भार धातूकडून दाण्यात जातो तो दोघांमधल्या सांध्यातून. सांधाच पोकळ, तर दाणा म्हणजे नुसतं भोक. तुम्ही हसून म्हणालात, “भांडण वावरात नसते, धुऱ्यावर असते.” धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध.

राख काळी होती, म्हणजे तिच्यात कोळसा उरलेला. ती पांढुरकी होईस्तोवर तुम्ही भाजायला लावलीत, ओलही गेली. मग वितळलेल्या धातूत जेमतेम १ टक्का मॅग्नेशियम. धोप्याच्या (अळूच्या) पानावरून पाणी पळतं तसं वितळलेलं ॲल्युमिनियम राखेवरून पळत होतं, ते आता धरून बसलं. फार वेळ मात्र तापू दिलं नाहीत. राखेतलं सिलिका आणि मॅग्नेशियम एकमेकांना खात बसले की सांधा ठिसूळ होतो. हे सगळं मला पाठ होतं, काका. पेपरात लिहून मार्कही घेतले होते!

रविवारची सुट्टी मोडून भट्टी पेटवलीत आणि पैशाचं काढलं तर तोंड फिरवलंत. रोवणीला शेजारचे येतात, तेही असेच.

नवी कांडीही शेवटी मोडलीच, पण बरेच ठोके खाऊन. तुकडा नातवाजवळ दिला आहे. या वेळी आधी तुम्ही पाहा.

तुमची,
राखवाली पोरगी