सुई टोचली तर: लॅबमधल्या सर्व सदस्यांना आठवण

सदस्यहो,

काल शार्प्सचा (वापरलेल्या सुयांसारख्या टोकदार वस्तू टाकायचा) डबा काठोकाठ भरलेला दिसला आणि वरच्या दोन सुयांना टोपण परत लावलेलं होतं. वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाही. डबा पाऊण भरला की बंद करून नवा ठेवायचा. आत बोटं घालून सुया दाबायच्या नाहीत (हेही लिहावं लागतंय!).

ग्लोव्ह्ज आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. अखंड त्वचा जंतूंना बाहेरच अडवते, पण सुई ती भेदून त्यांना थेट आत पोचवते. लस न घेतलेल्याला बाधित रक्ताची सुई टोचली तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत असते. एचआयव्हीची साधारण ०.३ टक्के. शिवाय हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान ७ दिवस तग धरतो, तेव्हा ओट्यावरचा तो तपकिरी ठिपका ‘जुना आहे’ म्हणून सोडू नका.

हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीनही डोस झालेल्यांनी एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची तपासणी करून घ्या. काहींच्या शरीरात त्या पुरेशा तयार होत नाहीत.

सुई टोचलीच, तर साबण-पाण्याने धुवा. जखम पिळू नका, चोखू नका, ब्लीच लावू नका. ताबडतोब सुपरवायझरला सांगा. ‘शिफ्ट संपल्यावर बघू’ नको. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू व्हावं लागतं आणि २८ दिवस घ्यावं लागतं. नोंदवही फ्रीजशेजारी आहे. टोचल्याबद्दल कुणालाही बोलणी बसणार नाहीत.